पहिल्या फेरीआधी प्रत्येक खलाशाला एकदा पाण्यात उतरवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

येत्या १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. हर्णैला आणि आंजर्ल्याच्या खाडीत सध्या बोटी ओढायची, शाकारायची गडबड चालू आहे. इंजिनं खोलली जात आहेत, जाळी धुऊन वाळत पडली आहेत, नेपाळचे खलाशी हिशेब घेऊन घरची वाट धरत आहेत. या दिवसांत बोटीवरच्या खिळ्याखिळ्याकडे लक्ष जातं. फक्त केबिनच्या कोपऱ्यातल्या नारिंगी लाइफ जॅकेटांना कोणी हात लावत नाही. मी ३८ वर्षं समुद्रावर होतो, त्यातली २३ तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख म्हणून. माझी मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकतो. ऑगस्टमध्ये पहिली फेरी निघायच्या आधी प्रत्येक बोटीवरच्या प्रत्येक माणसाला, तांडेलासकट, जॅकेट घालून एकदा खोल पाण्यात उतरवा. ज्या बोटीची माणसं उतरली नाहीत, त्या बोटीला समुद्रात जायची परवानगी देऊ नका.

हे एवढं ठासून का म्हणतो, त्यासाठी माझ्यावर गुदरलेली एक रात्र सांगावी लागेल. पंचवीसएक वर्षं झाली असतील. नोव्हेंबर महिना होता. लाकडी ट्रॉलर, आम्ही सातजण, पंधरा-सोळा वाव, म्हणजे नव्वद-पंचाण्णव फूट खोल पाणी. शाफ्टच्या ग्लँडमधून, म्हणजे पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथल्या भोकातून, पाणी येतंय हे मला मोसमाच्या सुरुवातीपासून माहीत होतं. मालकाला सांगितलं, तर तो म्हणाला, दिवाळी होऊ दे, मग बघू. मी ते ऐकून बोट काढली. बोट न काढण्याचा अधिकार तांडेलाचा असतो. मी तो वापरला नाही, ही चूक माझी.

संध्याकाळपासून उत्तरेकडून वारा धरला होता. रात्री अकराच्या सुमारास ड्रायव्हर वर आला आणि म्हणाला, "पंप पाणी फेकत नाही." खाली बॅटरी मारली तर इंजिनाच्या बुडाशी काळं पाणी हलत होतं आणि त्यावर डिझेलची साय धरली होती. पंपाच्या जाळीला कोळंबीची सालं आणि खवले बसले होते. बादल्या लावल्या. पाणी फ्लायव्हीलपर्यंत चढलं तसं ते चाक छतापर्यंत पाणी उडवायला लागलं आणि थोड्या वेळाने इंजिन गप्प झालं. इंजिन बंद पडलं की बोट लाटेला तोंड देत नाही, आडवी होते. डेकवर ओल्या जाळ्याचा ढीग, खाली मोकळं फिरणारं पाणी. बोट एका अंगाला कलली की पोटातलं सगळं पाणी त्याच अंगाला धावतं आणि तिला परत उठू देत नाही. बादल्या लावल्यापासून अर्धा तास गेला असेल. उलटली मात्र ती अशी, की दहा आकडे मोजून झाले नसते.

त्या अर्ध्या तासात मी एकालाही जॅकेट घालायला सांगितलं नाही. बोट वाचवायच्या नादात माणसांचा विचार मागे राहिला. आज इतकी वर्षं मला छळते ती गोष्ट ही.

बोटीवर सात जॅकेटं होती, कोरी करकरीत. तपासणीला दाखवायची म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून, नायलॉनच्या दोरीने करकचून बांधून ती केबिनमधल्या फळीखाली ठेवलेली होती. फळीवर आमची अंथरुणं. दोरीची गाठ ओली होऊन आवळली होती. मी सुरीने कापून दोन जॅकेटं बाहेर फेकली. तिसरं हाताला लागलं तेव्हा केबिनमध्ये खालचं वर झालं होतं. कसा बाहेर आलो ते मला आठवत नाही.

पाण्यात पडल्यावर जॅकेट घालता येईल असं अजूनही पुष्कळांना वाटतं. ते पाण्यात उसळी मारून वर येतं, हात घालायचं भोक सापडत नाही, पट्टा पाठीमागे वाहत जातो, आणि ते धरायला दोन हात लागतात. तुमचा एक हात तर दुसऱ्या कशाला तरी धरलेला असतो. डोळ्यांत डिझेल गेल्याने दिसत काही नव्हतं. डिझेल नाकातोंडात गेलं की उलट्या सुरू होतात, तशा त्या आम्हा सगळ्यांना झाल्या. शेवटी आम्हाला तारलं ते जाळ्याच्या बोयांनी, बर्फाच्या पेटीच्या थर्माकोलच्या झाकणाने आणि डिझेलच्या दोन रिकाम्या कॅननी.

लाकडी बोट उलटली तरी लगेच तळाला जात नाही. आमच्या बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, त्यानंतर तीन-चार तास पाण्याच्या वर होती. मी सगळ्यांना तिला धरून राहायला लावलं. ड्रायव्हर सारखा म्हणत होता, पोहत जाऊ. लाटेच्या माथ्यावर चढलो की दीपगृहाचा उजेड फिरताना दिसायचा आणि तो हाकेच्या अंतरावर वाटायचा. तो वीस किलोमीटरच्या पुढे होता. मी शिव्या घालून त्याला धरून ठेवलं. उलटलेली बोट लांबून दिसते, पाण्यावरचं एकट्या माणसाचं डोकं दिसत नाही. किनारा अगदी जवळ असेल आणि ओढ किनाऱ्याकडे असेल तर गोष्ट वेगळी. २६ जुलै २०२५ ला अलिबागकडच्या खांदेरी बेटाजवळ बोट उलटली तेव्हा आठपैकी पाचजण कित्येक तास पोहून किनाऱ्याला लागले. तिघे लागले नाहीत.

आमच्यात नेपाळचा एक पोरगा होता. एकोणीस-वीस वर्षांचा, पहिलाच मोसम. मला 'दाई' म्हणायचा, म्हणजे थोरला भाऊ. त्याला पोहता येत नव्हतं. आमची पोरं खाडीत पडून-झडून पोहायला शिकतात. डोंगरातून आलेल्या पोराला ते कुठून यायचं? हाताला लागलेल्या दोनपैकी एक जॅकेट आम्ही त्याच्या अंगावर कसंबसं चढवलं. कमरेचा पट्टा ओढून आवळायचा असतो हे त्याला कोणी दाखवलं नव्हतं. मीही नव्हतं. पहाटे नाळ खाली गेली. तिच्याबरोबर पाणी खेचलं गेलं आणि त्या खेचाखेचीत ढिलं जॅकेट त्याच्या डोक्यावरून निघालं. "दाई" अशी एक हाक आली. जॅकेट माझ्या हाताला लागलं, तो लागला नाही.

आपल्याकडचं पाणी कोमट, त्यात माणूस गारठत नाही, असं मीही समजत होतो. सकाळ होईपर्यंत आमचे दात वाजत होते, बोटं मिटत नव्हती. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा पंचवीसएक पट वेगाने ओढून नेतं, हे मला पुढे एका शिबिरात कळलं. गुडघे छातीशी घेऊन एकमेकांना बिलगून राहायचं, हातपाय मारत बसायचं नाही, हेही तिथेच कळलं. आम्ही बोयांच्या दोरीने एकमेकांना बांधून घेतलं होतं. तेवढं एक आपसूक बरोबर झालं.

दिवस वर आला तशी तहान लागली. माझा चुलतभाऊ आमच्यातला सगळ्यात धट्टाकट्टा. त्याने ओंजळीने समुद्राचं पाणी प्यायला सुरुवात केली. मी ओरडलो, तो ऐकेना. एक लिटर समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम मीठ असतं. ते मीठ बाहेर टाकायला शरीराला प्यायल्याहून जास्त पाणी लागतं, म्हणजे घोटागणिक तहान वाढते. दुपारपर्यंत तो बरळायला लागला. जेटी आली, चला, उतरा, म्हणाला आणि स्वतःच्या हाताने दोरी सोडवली. आम्ही पाचजणांनी त्याला धरायचा प्रयत्न केला, पण आमच्या बोटांत जोर नव्हता. चारच्या सुमारास दुसऱ्या बंदराच्या एका बोटीने आम्हाला पाहिलं. तीही मासळी शोधत त्या बाजूला वळली होती म्हणून.

चुलतभाऊ तिसऱ्या दिवशी वाळूवर आला. पोरगा कधीच आला नाही. त्याचं पूर्ण नाव मालकाच्या वहीत नव्हतं, गावाचा पत्ता नव्हता. दुसऱ्या बोटीवरच्या त्याच्या मुलखातल्या माणसांकडून निरोप जायला पंधरा दिवस लागले. मग त्याचे वडील आले. माझ्या ओटीवर दोन दिवस राहिले. पोराची पत्र्याची पेटी आम्ही त्यांच्या हवाली केली. तीत एक स्वेटर, दाढीचं सामान आणि आईसाठी घेतलेल्या हिरव्या बांगड्या कागदात गुंडाळलेल्या. मृतदेह नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून पैसे नाहीत. सात वर्षं खबर नसेल तर माणूस मेला असं धरायचं, असा आपला कायदा. सात वर्षांनी नेपाळमधून कोण येऊन दाखला मागणार होतं? आज केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत अपघाती मृत्यूसाठी पाच लाखांचा विमा आहे, ही फार चांगली गोष्ट झाली. पण खलाशाचं नाव, गाव, घरच्यांचा फोन बोटीच्या कागदांत असलाच पाहिजे. बंदरावर उभे राहून चौकशी करा, निम्म्या बोटींवर मालकाला आपल्या खलाशाचं आडनाव सांगता येत नाही.

त्यानंतर समुद्रावर पुष्कळ बदललं, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. जीपीएस आलं, वायरलेस आलं. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा आमच्या किनाऱ्याने फार माणसं गमावली. आज हवामानाचा इशारा मोबाइलवर येतो. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या ६८ बोटी वाट काढत सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. इस्रोने बनवलेलं डॅट नावाचं यंत्र आहे. बटण दाबलं की उपग्रहामार्फत बंगळुरूच्या केंद्राला आणि तिथून तटरक्षक दलाला खबर जाते. नव्या यंत्रात तर तुमची हाक पोचली असा उलट निरोपही येतो. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते बोटींवर ट्रान्सपाँडर (उपग्रहामार्फत निरोप देणारं-घेणारं यंत्र) बसवायची देशभरची योजना सुरू झाली, एक लाख बोटींसाठी. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर आहेत. वायरलेसवर संकटात हाक द्यायला चॅनल १६ आहे.

पण हाक पोचल्यापासून मदतीची बोट येईपर्यंत तास जातात. रात्र असेल, वारा असेल तर जास्तच जातात. तेवढा वेळ माणसाचं तोंड पाण्याच्या वर कोण धरणार? ते काम अंगावर घातलेल्या जॅकेटचं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात पी-३०५ बार्ज, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रावरच्या कामगारांना राहायचा मोठा तराफा, बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. सत्तरहून जास्त गेली, आणि जी वाचली त्यांतली कितीतरी माणसं त्या भयंकर लाटांत रात्रभर जॅकेटच्या आधाराने तरंगत होती, तिथून नौदलाने त्यांना उचललं. जॅकेट असूनही माणसं गेली, हे खरं आहे आणि मी ते लपवत नाही. जॅकेट नसतं तर त्या समुद्रातून किती परत आली असती, याचं उत्तर पाण्यात रात्र काढलेला कोणीही देईल.

आणि तरीही आपले खलाशी जॅकेट घालत नाहीत. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांनी ऑक्टोबरच्या उन्हात ते जाडजूड नारिंगी जॅकेट घालून तासभर जाळं ओढून बघावं. ते काखेत काचतं, वाकू देत नाही, आणि जाळं ओढायच्या विंचच्या दोरात पट्टा अडकला तर माणूसच ओढला जाईल ही भीती खरी आहे. वाटप करताना स्वस्तातलं जॅकेट निवडणाऱ्यांनी यावर विचार करायला हवा. काम करता येईल अशी पातळ, अंगाबरोबरची जॅकेटं मिळतात. कमरेला बांधायची, ओढल्यावर हवा भरणारीही मिळतात. त्यांच्या छोट्या सिलिंडरला खाऱ्या हवेत गंज धरतो, म्हणून ती दर मोसमाला तपासावी लागतात आणि महागही पडतात. तरी पापलेटची एक बरी पाटी आणि एका माणसाचं जॅकेट यांचा हिशेब मालकाने मनात करून बघावा. तेही जमत नसेल तर निदान काही वेळा ठरलेल्या असाव्यात: रात्री डेकवर एकटा असताना, बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागलेला असताना, बोटीच्या तळात पाणी दिसल्या क्षणी, आणि खाडीच्या तोंडातून आतबाहेर करताना. आंजर्ल्याच्या खाडीच्या मुखाशी साचलेल्या गाळाने कितीदा बोटी धोक्यात आणल्या आहेत हे आमच्या गावात पोरालाही ठाऊक आहे. घराचे दिवे दिसत असताना माणूस जातो तिथे.

गेल्या आठवड्यात मी जेटीवर बसलेल्या नऊ खलाशांना विचारलं, तुमच्या बोटीवर जॅकेट कुठे आहे? दोघांनी जागा सांगितली. चॅनल १६ वर काय बोलायचं हे एकालाही येत नव्हतं. ते तांडेल बघतो, म्हणाले. आमच्या बोटीवर तांडेल मी होतो आणि मी उलट्या केबिनमध्ये होतो. बोटीचं नाव, नंबर, जीपीएसवरचे आकडे, माणसं किती, झालं काय, या पाच गोष्टी ऑइलपेंटने वायरलेसशेजारी लिहून ठेवल्या, मराठीत आणि नेपाळीत, तर कुठलाही पोरगा वाचून बोलेल. लिपी तर एकच आहे.

आता माझी मागणी नीट मांडतो, कारण ती कागदावर सोपी दिसते आणि चुकीच्या दिवशी घेतली तर वाया जाते. जून-जुलैत सुरक्षेची शिबिरं होतात, सभागृहात खुर्च्या मांडून. समोर बसतात मालक आणि मच्छीमार सोसायटीचे सभासद. तेव्हा खलाशी नेपाळात असतो, नाहीतर आपल्या गावी भात लावत असतो. तो परत येतो जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा बोटीला रंग लागत असतो, बर्फ-डिझेल भरायचं असतं. त्या चार-पाच दिवसांतला एकच दिवस घ्या. जागा खाडीच्या आत, बोटी लागतात तिथे. पावसाळ्यात खाडीला ओढ असते, म्हणून उधाण टाळून भांगाचा, म्हणजे कमी भरती-ओहोटीचा, दिवस धरायचा आणि भरतीचं पाणी थांबतं तो अर्धा-पाऊण तास साधायचा. आडवी दोरी बांधायची, दोन होड्या बाजूला, चांगले पोहणारे चार गडी पाण्यात. एकेक बोटीचे खलाशी येतील. जॅकेट घालायचं, पट्टा आवळायचा, दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढून बघायचं, निघत नाही ना. मग उडी. मग हातपाय न मारता दहा मिनिटं नुसतं पाठीवर पडून राहायचं, शिट्टी वाजवायची, सगळ्यांनी एकमेकांना धरून कडं करायचं. ज्याला पोहता येत नाही त्याला त्या दहा मिनिटांत एक गोष्ट कळते, की आपण बुडत नाही. ती अंगात भिनली की रात्री तो गडबडून सोबत्याच्या गळ्यात पडणार नाही.

त्याच दिवशी प्रत्येक बोटीच्या केबिनच्या टपावर पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन बांधून दाखवावा. काठोकाठ नाही, पाऊण भरलेला. तो तरंगतो, त्याला धरून राहता येतं आणि आत प्यायचं पाणी असतं. दोरी साधी सुतळीची, सुरीच्या एका फटक्यात तुटेल अशी. त्या दिवशी असा एक कॅन आमच्याजवळ असता तर माझा चुलतभाऊ आज नातवंडं खेळवत असता.

याला मोठा पैसा लागत नाही. मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना अधिकारी, सागरी पोलीस आणि गावची सोसायटी एकत्र बसले तर एका सकाळीत एका बंदराच्या बोटी होतील. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीला जाणारी प्रवासी बोट बुडाल्यावर प्रवाशांच्या अंगावर जॅकेटं दिसायला लागली. तासाभराच्या प्रवासाला जो नियम, तो आठ-आठ दिवस समुद्रात राहणाऱ्या खलाशाला का नसावा?

आमच्या पाचजणांपैकी तिघे अजून आहोत. ड्रायव्हरचे गुडघे गेले आहेत, तरी तो होडीत बसून दोरी धरायला तयार आहे. पाण्यात मी उतरेन. खात्याने किंवा सोसायटीने फक्त दिवस सांगावा. त्या पोराचं जॅकेट माझ्या माळ्यावर आहे. पट्टा कसा आवळायचा ते मी त्याच्यावरच दाखवेन.

आपला,
एक निवृत्त तांडेल
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी
(नाव-पत्ता संपादकांकडे दिला आहे)